खोडव्याचा केवडा : बाटली घेण्याआधी पान बघा

रायबागकडच्या दादांनी विचारलंय : उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) फुटला, पण पोंग्यातली (शेंड्याची कोवळी, गुंडाळलेली) पानं पिवळी-पांढरी निघताहेत. दोनदा युरिया टाकला, फरक नाही. दुकानदार मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली देतोय, घेऊ का?

दादा, आज बाटली घेऊ नका. आधी सरीत उतरून पिवळेपणा बुडातल्या पानांत आहे की शेंड्याच्या, ते बघा. नत्र कमी पडलं की ऊस ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देतो, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ते एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, त्यामुळे नवं पान उपाशी राहतं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि पुढे सगळं पान पांढरं, असं दिसत असेल तर तो लोहाचा केवडा, म्हणजे लोह कमी पडून आलेला पिवळेपणा. युरियानं तो जायचा नाही.

तुमच्या रानात लोहच नाही, असं मात्र समजू नका. कृष्णाकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) 8 च्या वर गेला की लोह असूनही मुळांना घेता येत नाही. खोडव्याची जुनी मुळं थकलेली, नवी अजून फुटायची, त्यात पाणी तुंबलेलं. म्हणून नव्या लावणीच्या उसापेक्षा खोडवा आधी केवडतो. पहिला उपाय फुकटचा आहे : पाण्याची पाळी लांबवा, रान वाफशावर (ना चिखल, ना कोरडं) येऊ द्या.

मग फवारणी. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, त्यातून लोह मिळतं) आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, द्रावण ताजं, वेळ संध्याकाळची. हिराकस हिरवट हवा, तांबूस पडलेला घेऊ नका. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा आणि गुण आला का ते नव्या पानावरच ठरवा.

जमिनीतून द्यायचा तर एकरी 10 किलो हिराकस दहापट कुजलेल्या शेणखतात कालवून पाच-सहा दिवस मुरवा आणि मगच सरीत द्या. नुसता टाकलात तर चुनखडीत लगेच अडकून बसेल, पैसे वाया. झिंकचीही अशा जमिनीत हीच गत, त्यात डीएपी (स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फेटचं खत) जास्त झाला की झिंकची कमतरता आणखी वाढते. झिंक सल्फेट आणि फॉस्फेटचं खत एकाच पंपात कधीच मिसळू नका, साका होऊन तळाशी बसतो.

खानापूरकडच्या मंडळींनी हे तसंच उचलू नये. तिकडच्या आम्लधर्मी लाल मातीत लोह भरपूर. पावसानं बोरॉन वाहून जातं, आणि भातात लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले तर झिंककडे बघायचं. बोरॉन मात्र मापातच द्या. कमी आणि विषारी यांतलं अंतर फार थोडं असतं.

रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याचं शेतकरी केंद्र) तपासणीला माती देताना पिवळ्या पट्ट्यातली आणि हिरव्या पट्ट्यातली वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. रिपोर्ट कन्नडमध्ये आला तरी आकडे वाचता येतातच : लोह 4.5 पीपीएमच्या आणि झिंक 0.6 च्या खाली असेल तर कमी. चुनखडीच्या रानात लोहाचा आकडा पुरेसा दिसूनही ऊस केवडलेला असू शकतो. तसं झालं तर पानाचं ऐका, फवारणी थांबवू नका.