काळ्या शाईची निवड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही ठसे मिळाले. लिनोवरच्या, म्हणजे कोरलेल्या लिनोलियमच्या तुकड्यावरून छापलेल्या, झाडाच्या ठशात पानांच्या बारीक रेषा बुजल्या आहेत आणि त्याचा दोष तू स्वतःच्या कोरणीला दिला आहेस. मी त्या रेषा भिंगाखाली पाहिल्या. काप स्वच्छ आहेत. पत्रात तू सहज लिहून गेला आहेस की, शाई घट्ट वाटली म्हणून तिच्यात जवसाचे तेल घातले. दोष तिथे आहे. दुसरा ठसा एचिंगचा, म्हणजे आम्लाने रेषा कोरलेल्या पत्र्यावरून काढलेला, आणि त्याच्यावर सगळीकडे करड्या रंगाचा मळकट पडदा आहे, कारण लिनोच्याच डब्यातली शाई तू तांब्याच्या पत्र्यावर चोळलीस.

तेव्हा ‘सर्वांत काळी शाई कोणती’ हा तुझा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो. आधी शाई कोणत्या कामाची आहे ते पाहावे लागते. उठावाच्या छपाईत, म्हणजे लिनोसारख्या उंच राहिलेल्या भागावरून छापताना, शाईने पृष्ठभागावर पातळ थरात बसून राहायचे असते, म्हणून ती घट्ट आणि चिकट हवी. एचिंगमध्ये तिने रेषेच्या खोलात टिकून पृष्ठभागावरून मात्र सहज पुसले जायचे असते, म्हणून चिकटपणा कमी हवा. चिकट शाई पुसायला गेलास की एक तर ती पत्रा सोडत नाही, नाही तर टार्लटनच्या (पत्रा पुसायच्या जाळीदार कापडाच्या) ओढीने रेषेतलीही बाहेर येते. तरुणपणी एका पत्र्यावर मी हीच चूक दिवसभर करत बसलो होतो आणि संध्याकाळी पत्र्याऐवजी माझे मनगट घासले गेले होते.

आता काळेपणाविषयी. डब्यावर रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लाव. पीबीके ९ म्हणजे हाडांचा कोळसा. त्यात कार्बन साधारण १० ते २० टक्केच असतो, बाकी बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट. म्हणून त्याचा रंग किंचित तपकिरी, उबदार वाटतो, पण कण भरड असल्याने तो पत्र्यावरून छान पुसला जातो. पीबीके ७ आणि पीबीके ६ म्हणजे कार्बन ब्लॅक आणि काजळी. कण अतिशय बारीक, झाकण्याची ताकद मोठी, आणि पुसताना डाग मागे ठेवण्याची खोडही तेवढीच मोठी. लिनोला हे चालतात. एचिंगला हाडांचा काळा मुख्य ठेवून त्यात थोडा कार्बन मिसळलेली शाई मला स्वतःला सर्वांत आवडते. फारच तपकिरी वाटली तर पॅलेट नाइफच्या टोकावर मावेल इतका प्रुशियन ब्ल्यू पुरतो. जास्त झाला की काळ्याचा गडद निळा होतो.

डबा उघडून शाईचा रंग ठरवू नकोस. डब्यात सगळ्या शाया काळ्याच दिसतात. ज्या कागदावर छापणार आहेस त्याच्या तुकड्यावर थोडी शाई ठेव आणि नाइफने दाबून खाली ओढत ने, म्हणजे वर जाड आणि खाली जवळजवळ पारदर्शक असा पट्टा उमटेल. त्याचे खालचे टोक खिडकीच्या उजेडात पाहा. शाई तपकिरीकडे झुकते की निळ्याकडे, ते तिथेच कळते.

घट्ट शाईत लगेच तेल घालू नये. थंड खोलीत कोणतीही शाई आखडते. काचेवर पाच मिनिटे नाइफने मळ, मग ठरव. लिनोसाठी फिरत्या रोलरचा बारीक सळसळता आवाज यायला हवा. चटचट असा ओला आवाज आला तर थर जाड झाला आहे. शाई आधीच सैल झाली असेल, तर मॅग्नेशियम कार्बोनेटची चिमूट तिला पुन्हा आवळते. तुझ्या उरलेल्या शाईला हाच उपाय कर, ती फेकू नकोस.

पाण्याच्या शाईबद्दल विचारले आहेस. तिने सराव करायला हरकत नाही, पण ती काचेवरच काही मिनिटांत सुकू लागते आणि घाईत केलेले काम दिसून येते. साबणपाण्याने धुता येणाऱ्या तेलशाया वेगळ्या. त्या वागतात तेलाच्या शाईसारख्याच, आणि घरात काम करणाऱ्याने त्याच घ्याव्यात असे माझे मत आहे. तेलशाई हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, त्यामुळे ठसे सुकायला दिवस लागतात. त्याच कारणाने जवसाच्या तेलाने माखलेली फडकी ढिगात तापून आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत जा; यात आळस नको.

सध्या दोनच डबे घे, एक उठावाचा आणि एक एचिंगचा. दोन्हींचे पट्टे ओढून, मागे पेन्सिलीने संकेतांक आणि तारीख लिहून, पुढच्या पत्रासोबत पाठव. झाडाचा ठसाही तेल न घालता पुन्हा काढ.

तुझा शुभचिंतक