ठाण्याच्या लोकमान्यनगरात घरकाम करणाऱ्या बायकांच्या कमाईचा सर्व्हे करायचाय, १०० जणी पुरेत का?

चालतील, पण १०० जणींवरची टक्केवारी १० अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते हे अहवालात लिहा. ५ अंकांपर्यंत अचूकता हवी तर ३८५ लागतात.

खरी गोची निवडीत होते. आधी गल्लीवार घरं मोजा. १,२०० निघाली आणि २०० दारं करायची असतील तर दर सहावं घर, सुरुवात १ ते ६ मधली चिठ्ठी उचलून. कुलूप दिसलं की शेजारच्या घरात शिरू नका! भरदुपारी सापडते ती कमी कामं धरलेली. पाच-सहा कामं असलेली तेव्हा वर्तकनगरच्या टॉवरमध्ये भांडी घासत असते. मग सरासरी कमाई उगाच खाली येते. त्याच दारी संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी पुन्हा जा.

‘महिन्याला किती मिळतात?’ विचारलंत की गोल आकडा येतो. ती कामाला जाते ते एकेक घर धरून विचारा: काम काय, गेल्या महिन्यात हातात किती पडले, खाड्याचे किती कापले. सासू शेजारी बसली असेल तर आकडा बदलतो, तसा शेरा मारून ठेवा.

एखाद्या गटात १२च जणी असतील तर ‘२५ टक्के’ नको, ‘१२ पैकी ३’ लिहा.