वॉटर गनच्या फॅन साइटचं डिझाइन वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं?

तुम्ही विचारलंय की वॉटर गनसारख्या खेळण्यावर एखाद्या शौकिनाने एकट्याने चालवलेली साइट वीस-पंचवीस वर्षांत डिझाइनच्या अंगाने कशी बदलत जाते, आणि त्यातल्या काही आजही इतक्या जुनाट का दिसतात. वेबसाइट बांधणं हा माझा धंदा आहे आणि जुन्या हौशी साइट्स वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारं संग्रहालय) उकरत बसणं हे व्यसन, त्यामुळे उत्तर लांबणार. घाई असेल तर एवढंच घ्या: रंगरूप बदललं ते ब्राउझर आणि स्क्रीनमुळे, पण खरी तोडफोड झाली ती बंदुकांमुळे. नव्या जातीची बंदूक बाजारात आली की बंदुकांची मापं देणारा जुना तक्ता पुरेनासा होतो, आणि तक्ता हलला की सगळी साइट हलते.

लॉनी जॉन्सन या अमेरिकन इंजिनिअरला १९८२ मध्ये घरच्या बाथरूममध्ये हीट पंपाचा प्रयोग करताना पाण्याची जोरदार धार सुटलेली दिसली. त्या कल्पनेतून तयार झालेलं खेळणं १९९० मध्ये ‘पॉवर ड्रेंचर’ या नावाने दुकानात आलं आणि १९९१ मध्ये त्याचं ‘सुपर सोकर’ झालं. म्हणजे वेब घराघरात शिरत होतं तेव्हा या खेळण्यापायी वेडी झालेली पोरं नेमकी कॉम्प्युटरशी खेळायच्या वयात आलेली होती. जिओसिटीजसारख्या वेबसाइट ठेवायच्या सेवांवर पानासाठी जागा फुकट मिळायची. भांडवल एवढंच: फुकटची जागा, ५६ केचा मोडेम आणि ८०० बाय ६०० चा स्क्रीन.

मांडणी एचटीएमएलच्या टेबलांत व्हायची, कारण दुसरं काही धड चालत नव्हतं. पानाचं रंगरूप आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली खरी, पण नेटस्केप ४ या तेव्हाच्या ब्राउझरमध्ये ती वापरली की पान कुठे कोसळेल याचा नेम नसे. दोन रकान्यांत अंतर हवं असेल तर एका पिक्सेलचं पारदर्शक गिफ चित्र ताणून मध्ये बसवायची. रंगांच्या बाबतीत मात्र हा विषय नशीबवान निघाला. २५६ रंगांच्या मॉनिटरवर न विस्कटता दिसतील असे २१६ रंग ठरलेले होते आणि त्यातले बरेचसे भडक होते: पोपटी, पिवळा, नारिंगी, गुलाबी. सुपर सोकरचं प्लास्टिकही तसल्याच रंगांचं. इतर विषयांच्या साइटवर जो भडकपणा डोळ्यात खुपतो, तो इथे शोभून दिसतो.

मग फ्रेम, म्हणजे एकाच खिडकीत दोन स्वतंत्र पानं. डावीकडे सगळ्या मॉडेल्सच्या नावांची पट्टी जागच्या जागी, उजवीकडे पान बदलत राहणार. एका मागोमाग एक बंदुका चाळायला याहून सोयीचं काही नव्हतं, अजूनही मला ती कल्पना आवडते. अडचण अशी की पत्त्याच्या पट्टीत पत्ता कायम एकच. अमुक बंदुकीचं पान मित्राला पाठवायचं म्हटलं की पंचाईत. उलट सर्च इंजिनमधून कोणी थेट आत उतरला तर त्याला डावी पट्टीच दिसायची नाही, तो मेन्यू नसलेल्या एका सुट्या पानावर अडकायचा. फ्रेम काढल्या तर मेन्यू प्रत्येक पानात चिकटवायचा, आणि नवी बंदूक आली की सगळ्या फाइली एकेक करून उघडायच्या. सर्व्हर साइड इन्क्लूड किंवा पीएचपी, म्हणजे सर्व्हरवरच पानाचे तुकडे जोडणारी साधनं, हाताशी आल्यावर मेन्यू एका फाइलीत गेला. पाहणाऱ्याला यात काडीचा फरक दिसला नसेल, पण चालवणाऱ्याचे रविवार वाचले. हौशी साइटच्या आयुष्यात असे न दिसणारे बदलच जास्त महत्त्वाचे असतात, असं माझं मत आहे.

फोटोंवर जरा थांबतो, कारण अशा साइटची अर्धी ओळख फोटोंत असते. ५६ केच्या मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला पाचेक किलोबाइट यायचे, म्हणजे ५० किलोबाइटचा एक फोटो उतरायला दहा सेकंद. म्हणून यादीत टपाल तिकिटाएवढे फोटो आणि क्लिक केल्यावर मोठा. तो ‘मोठा’ म्हणजे जेमतेम ३२० किंवा ४०० पिक्सेल रुंद. नीट चालवलेल्या साइटवर प्रत्येक बंदूक पांढऱ्या पाठीवर, आडवी, नळी एकाच बाजूला करून ठेवलेली दिसते. लहानसा नियम आहे, पण त्याच्यामुळे दोन मॉडेल्सचा आकार आणि टाकीची जागा एका नजरेत ताडून पाहता येते. धारेच्या फोटोला मात्र पांढरी पाठ चालत नाही, पाणी त्यात गायब होतं. त्याला गडद झाडी किंवा काळोखी भिंत लागते आणि ऊन बाजूने. म्हणून एकाच पानावर दोन निराळ्या जातीचे फोटो येतात आणि दोघांना सामावणारी चौकट शोधताना डिझायनरच्या नाकी नऊ येतात. गडद फोटो सरळ पानाच्या पूर्ण रुंदीचा करावा आणि पांढरे फोटो तक्त्याच्या शेजारी ठेवावेत, हे मला सगळ्यात पटतं.

आता मूळ मुद्दा, तक्ता. सुरुवातीच्या दाबाच्या बंदुका हवेवर चालायच्या. पंप मारून हवा दाबायची, ट्रिगर ओढला की ती पाण्याला बाहेर ढकलते. काहींत दाब थेट टाकीत भरला जाई, काहींत पंप टाकीतलं पाणी वेगळ्या कप्प्यात कोंबून तिथली हवा दाबत असे. दोन्हींत पाणी बाहेर पडत जाईल तसा दाब उतरतो आणि धार मरगळत जाते. अशा बंदुकांना तक्त्यात चार-पाच रकाने पुरत: टाकीत किती पाणी मावतं, पूर्ण दाबाला किती पंप, धार किती लांब, वजन किती.

१९९६ मध्ये सुपर सोकरची सीपीएस २००० आली. तिच्यात हवेच्या कप्प्याऐवजी जाड रबराची पिशवी होती. पंपाने पाणी पिशवीत भरायचं, ती फुगते, आणि ट्रिगर ओढल्यावर आक्रसताना पाणी जवळपास सारख्याच दाबाने बाहेर फेकते. धार शेवटपर्यंत जोमदार राहते आणि मग एकदम संपते. झालं, जुन्या तक्त्यात ही बसेना. नुसता धारेचा पल्ला लिहिला तर ती इतरांपेक्षा थोडीच सरस वाटते. तिची खरी ताकद सेकंदाला किती मिलिलिटर पाणी बाहेर पडतं त्यात होती, आणि ती किती सेकंद टिकते त्यात. म्हणून दोन नवे रकाने आले. शिवाय ‘यंत्रणा’ नावाचा रकाना आला, आणि त्याच्यापाठोपाठ मेन्यूवरून वाद. तोवर बंदुका कंपनी आणि मालिकेनुसार लावल्या जात. आता जाणकारांना त्या यंत्रणेनुसार हव्या होत्या: हवेच्या एकीकडे, रबराच्या दुसरीकडे, दाब न साठवता नुसत्या पिस्टनने पाणी ढकलणाऱ्या तिसरीकडे.

माझं स्पष्ट मत सांगतो: मेन्यू नावानुसारच असावा आणि यंत्रणा हा गाळणीचा (फिल्टरचा) पर्याय असावा. पहिल्यांदा येणाऱ्याच्या हातात बंदूक असते, तिच्या अंगावर नाव आणि आकडा छापलेला असतो, तो तेच शोधतो. आत रबर आहे की हवा, हे त्याला साइटवर आल्यावर कळणार आहे.

पल्ल्याचा आकडा ही तर स्वतंत्र डोकेदुखी. बंदूक जमिनीला समांतर धरली की तिरकी, शेवटचा थेंब कुठे पडला ते मोजलं की बहुतेक पाणी जिथे पडलं ते, यावर एकाच बंदुकीचे आकडे बरेच वेगळे येतात. खोक्यावरचा आकडा अर्थातच सगळ्यात मोठा. चांगल्या साइट्सनी दोन आकडे शेजारी दिले, समांतर आणि तिरका, आणि मोजण्याची पद्धत त्याच पानावर सांगितली. वाईट साइट्सनी पद्धत कुठल्यातरी कोपऱ्यातल्या ‘माहिती’ पानावर टाकली. तक्त्याचं डिझाइन म्हणजे रेघा आणि रंग नव्हेत. आकडा कसा आला ते आकड्याच्या हाताशी ठेवणं हेही त्यात येतं.

२००० नंतरची काही वर्षं भरभर सांगतो, कारण त्यात विशेष काही नाही. अ‍ॅपलने मॅक ओएस एक्समध्ये ओल्या काचेसारखी चकचकीत बटणं आणली आणि पाण्याच्या साइटवाल्यांना तो मोह आवरणं शक्यच नव्हतं. जिकडेतिकडे थेंब. गोल कोपऱ्यांसाठी चार चित्रं कापून बसवायची. हळूहळू टेबलांची मांडणी जाऊन सीएसएस आलं, इंटरनेट एक्सप्लोरर ६ या हट्टी ब्राउझरला चुचकारण्यात रात्री गेल्या, पानाची रुंदी आधी ७६० पिक्सेलच्या आसपास होती ती ९६० झाली.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा ही पानं त्यात उघडायची, फक्त मुंगीएवढी. फोन साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं पान गृहीत धरून ते आकसून दाखवायचा. २०१० मध्ये ईथन मार्कोट या वेब डिझायनरने एकच पान स्क्रीनप्रमाणे आकार बदलेल अशी रिस्पॉन्सिव्ह पद्धत मांडली, आणि एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलच्या शोधात झुकतं माप द्यायला सुरुवात केली. मजकूर आणि फोटो निमूटपणे एकाखाली एक आले. अडला तो तक्ताच. दहा-बारा रकाने चार बोटं रुंदीच्या स्क्रीनवर मावणार कसे?

सोपा उपाय म्हणून बहुतेकांनी प्रत्येक ओळीचं एक कार्ड केलं. दिसतं छान, पण तक्त्याचा जीव जातो. सेकंदाला किती पाणी, हा एकच रकाना वरून खाली नजर फिरवत वाचायचा असतो. कार्डांमध्ये प्रत्येक आकड्यासाठी अर्धा स्क्रीन सरकवावा लागतो. मी अशा जागी तक्ता तक्ताच ठेवतो, आडवा सरकू देतो, आणि बंदुकीच्या नावाचा पहिला रकाना सीएसएसच्या ‘पोझिशन स्टिकी’ने जागेवर रोवतो. आकडे उजवीकडे टेकवायचे आणि सगळे अंक सारख्या रुंदीचे येतील असा फॉन्ट घ्यायचा, म्हणजे ९० आणि ९०० यांतला फरक न वाचताही दिसतो. शिवाय मावेल त्याहून थोडा कमी भाग दाखवायचा, शेवटचा रकाना अर्धा कापलेला राहील असा. तो अर्धवट रकाना दिसला की बोट आपोआप सरकतं, ‘आडवं सरकवा’ असा बाण लागत नाही.

आणि तक्ता एवढा बसवला तोच २०१८ मध्ये जर्मनीतून स्पायरा ही बंदूक आली, क्राउडफंडिंगवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून. हिच्यात बॅटरी आणि मोटर. टोक पाण्यात बुडवलं की स्वतःच पाणी ओढून घेते, आणि सलग धारेऐवजी पाण्याचा एकेक सुटा गोळा सोडते. ‘किती पंप’ हा रकाना रिकामा. ‘धार किती सेकंद’ हाही निरर्थक, कारण धारच नाही. इथे हवं होतं एका भरण्यात किती गोळे, भरायला किती वेळ, चार्ज किती टिकतो. रकाने वाढवत गेलो तर प्रत्येक ओळीत निम्मी घरं रिकामी. माझ्या मते इथे दोन तक्ते करणंच शहाणपणाचं, सलग धारेचा एक आणि सुट्या गोळ्यांचा एक, आणि दोन्हींत सामाईक ठेवायचं ते फक्त पल्ला, टाकी आणि वजन.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, काही साइट्स जुन्या का दिसतात. एक कारण फोटोंचं आहे. ३२० पिक्सेलचा फोटो आजच्या स्क्रीनवर केविलवाणा दिसतो, पण ती बंदूक तोवर फुटलेली असते किंवा कोणाला देऊन टाकलेली, आणि कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलेलं असतं. नवा फोटो आणणार कुठून? दुसरं कारण वेळेचं. एकट्या माणसाला मोकळी दुपार मिळाली तर तो नवी बंदूक मोजेल की मेन्यूचे कोपरे गोल करेल? मीसुद्धा बंदूकच मोजेन.

तुम्ही स्वतः अशी जुनी साइट हातात घेणार असाल, आणि प्रश्नाच्या सुरावरून मला तसा संशय आहे, तर पत्त्यांना शक्यतो हात लावू नका. फाइलींची नावं बदलावीच लागली तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणारा ३०१ रीडायरेक्ट लावा, कारण बाहेरच्या किती पानांनी तिथे बोट दाखवलंय याची यादी कोणाकडेच नसते. एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणारी पद्धत) घ्या, जुलै २०१८ पासून क्रोम त्याविना साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतो, आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट आहे. पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग घाला. फ्लॅश या जुन्या अ‍ॅनिमेशनच्या साधनात केलेलं काही असेल तर ते २०२० च्या शेवटापासून मेलेलंच आहे, काढून टाका. आकडे एचटीएमएलमधून उपसून एका साध्या सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) आणा आणि पानं तिच्यातून तयार होऊ द्या. पुढची विचित्र बंदूक आली की रकाना एकाच जागी वाढवायचा. पोपटी मथळा तसाच राहू द्या.