गोव्यात निराधार आया-मुलांच्या आसरागृहात मुलीचा वाढदिवस साजरा करता येईल का?

मडगावला राहता, मुलगी पाच वर्षांची होतेय, हॉल घेण्यापेक्षा घर सोडून आलेल्या बायका-मुलांसोबत तिचा वाढदिवस करावा, जाताना जुने कपडे-खेळणीही न्यावीत, असं तुम्ही लिहिलंय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अशाच एका घरात मी आठवड्यातून दोन दिवस जाते, फोंड्याहून दोन बस बदलून. म्हणून स्पष्टच सांगते: द्यायचं ते जरूर द्या, केक कापायला मात्र येऊ नका.

मागच्या डिसेंबरात आमच्याकडे एका आठवड्यात तीन वाढदिवस झाले, तिन्ही बाहेरच्या मुलांचे. चौथ्या दिवशी मी पोचले तर दारातच एका साडेचार वर्षांच्या पोराने विचारलं, "टीचर, आज कोणाचो बड्डे?" आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या वाजवायला लागला. त्याचा स्वतःचा वाढदिवस कुठल्याच कागदावर नव्हता. आई बागलकोटकडची. तिला आठवत होतं ते इतकंच, की तेव्हा शेतात ज्वारी काढणीला आली होती. जन्म नोंदवायला एक वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि ज्वारी तिथे चालत नाही.

फोटोंचं तर नावच काढू नका. एका भल्या गृहस्थांनी मुलांसोबतचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला टाकला, चेहरे झाकूनच. पण मागे व्हरांड्याच्या लाल-पिवळ्या लाद्या दिसत होत्या. दोन दिवसांनी एकीचा नवरा फाटकाशी उभा. त्याने लाद्या ओळखल्या नव्हत्या, त्याच्या मित्राने ओळखल्या. मित्र लादीकाम करायचा. त्या रात्री तिला मुलांसकट दुसरीकडे हलवावं लागलं. आमचा पत्ता मी इथे का लिहीत नाही, हे त्यातच आलं.

आता गरज कशाची असते ते. एक बाई रात्री अकराला दोन मुलं घेऊन आली. पिशवीत एक गाउन, मुलीचा युनिफॉर्म आणि कुकरची शिट्टी. शिट्टी कशाला गं, म्हटलं. "कुकर माझ्या पगारातला. उचलून आणायला जमेना, म्हणून शिट्टी काढून आणली. शिजव म्हणावं आता भात." सगळ्या हसल्या, तीही हसली. पण त्या पिशवीत आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं, बाळाचं लसीचं कार्ड नव्हतं.

आधार सापडलं तरी त्याला मोबाइल नंबर नवऱ्याचा जोडलेला असतो. बँकेचं असो की सरकारी योजनेचं, कुठलंही काम करायला जा, ओटीपी वाजतो त्याच्या खिशात. काम तर अडतंच, वर बाईने कुठे हालचाल केली ते त्याला बसल्या जागी कळतं. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, पण केंद्रात गेलं की आधी बोटाचा ठसा मागतात. काजूच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांची बोटं चिकाने सोलवटलेली. मशीन ठसा घेतच नाही. मग परत या. परत आलं की त्या दिवसाचा रोज बुडाला, आणि कडेवरचं पोर रांगेत रडतंय.

शाळेचंही तेच. आधीच्या शाळेचा दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९चा शिक्षण हक्क कायदा तसं साफ सांगतो. तरी बाई एकटी गेली की "दाखला घेऊन ये" म्हणून वाटेला लावतात. सोबत माझ्यासारखी चष्मेवाली म्हातारी असली की "बसा टीचर, चहा घेणार?" कायदा तोच, खुर्ची वेगळी. मला याचा राग येतो, पण खुर्ची मिळते तोवर मी ती वापरणार.

कोर्टाच्या तारखा तर विचारू नका. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात पावसाळा येतो आणि जातो.

दर महिन्याला १५०० रुपये देणारी 'गृह आधार' योजना आहे ना, असं लोक मला ऐकवतात. आहे, पण तिला गोव्यातला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आठ वर्षं इथे भांडी घासणारी बाई तो कुठून दाखवणार? वास्कोतल्या बायणाच्या किनाऱ्यावरची वस्ती सरकारने जून २००४मध्ये, ऐन पावसात पाडली. पत्त्याचा पुरावा मागणाऱ्यांनी एकदा तिथल्या बायकांशी बोलावं.

म्हणून तुमच्याकडे मागायचं झालं तर मी एक बुधवार मागेन. महिन्यातून एकच, पण वर्षभर न चुकता. त्या दिवशी कोणाबरोबर आधार केंद्रात बसायचं, कोणाचं पोर कोर्टाबाहेर सांभाळायचं, कधी मामलेदाराच्या कचेरीत नुसतं सोबत उभं राहायचं. गाडी असेल तर सोन्याहून पिवळं. सहा महिने येऊन गायब होणार असाल तर मात्र सुरूच करू नका. मुलं वार मोजतात.

वस्तूच द्यायच्या तर कपडे धुऊन, इस्त्री करून, बटणं तपासून द्या. एकदा आलेल्या गोणीत सात बूट निघाले, सातही डाव्या पायाचे. कोणी आणि का जमवले असतील, आम्हाला अजून कळलेलं नाही. जून ते सप्टेंबर छत्र्या, रेनकोट आणि आतले नवे कपडे लागतात, कारण पावसात काही म्हणता काही वाळत नाही. सॅनिटरी पॅड बाराही महिने. टेडी बेअर पुरे झाले.

कोणी हे स्वतःच्या गरजेपोटी वाचत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, तिथून सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्राशी जोडून देतात. मुलाचा प्रश्न असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

आणि तुमच्या मुलीच्या वाढदिवसाला काहीतरी करायचंच असेल, तर त्या महिन्याचं पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, बिल भरा. पैसे विश्वस्तांकडे द्या, नाव सांगायची गरज नाही. संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजला की आमची मुलं चपला न घालता फाटकाशी धावतात आणि आज पोई की उंडो, कुठला पाव घ्यायचा, यावरून भांडतात. सगळ्यात मोठी मुलगी मोजून घेते, एक जास्त पडला तर परत देते.