शेती आली म्हणून माणसानं शिकार सोडली का?

प्रश्न असा आहे: "शेती सुरू झाली आणि माणसानं शिकार, भटकंती सोडली असं शाळेत शिकलो. उत्खननात खरंच तसं दिसतं का? शक्यतो महाराष्ट्रातलं उदाहरण द्या."

सरसकट तसं दिसत नाही, आणि महाराष्ट्रातलं उदाहरण म्हटलं तर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा इनामगाव येतं. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ पासून पंधराएक वर्षं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे तांबं माहीत होतं पण लोखंडाचा जमाना अजून यायचा होता.

सुरुवातीची घरं चौकोनी, ऐसपैस. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाट काढलेला. पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, त्याला लागूनच धान्याचं कोठार. बहुधा गावच्या प्रमुखाचं घर. त्याच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवून पुरलेला होता. इतर प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. याचे मात्र शाबूत होते. (मेलेला माणूस भूत होऊन पळून जाऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा अंदाज आहे. मला तो पटतो, पण सिद्ध कसा करणार?)

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. इ.स.पू. १००० च्या पुढे चित्र पालटतं. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, मडक्यांचा दर्जा घसरतो, जवाचं प्रमाण घटतं आणि हरणांसारख्या जंगली प्राण्यांची हाडं वाढतात. शेती येत असलेली, पाट काढून झालेली माणसं पुन्हा शिकारीकडे आणि गुराढोरांकडे झुकली.

हे कळतं कसं? राखेची माती पाण्याच्या पिंपात सोडून हलक्या हातानं ढवळायची. माती तळाला बसते, जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक जाळीवर घेऊन सावलीत वाळवायचे. दाणा जळाला म्हणूनच तीन हजार वर्षं टिकला, न जळलेला केव्हाच कुजून गेला. हाडांवर सुरीचे व्रण तपासतात, म्हणजे खाल्लेला प्राणी आणि नुसताच मेलेला प्राणी वेगळा काढता येतो.

कारणाबद्दल मात्र एकमत नाही. पाऊस कमी झाला, दुष्काळ पडले, ही ढवळीकरांची मांडणी. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या लहान मुलांचे सांगाडे अभ्यासले. उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटल्याचं त्यांना आढळलं, पण हवामान अचानक कोरडं झालं हे त्यांना मान्य नाही. माझा कल त्यांच्याकडे आहे. सगळं खापर पावसावर फोडलं की शेतीनं जमिनीचं काय केलं हा प्रश्न बाजूलाच पडतो.

उलट बाजूही बघा. राजस्थानात भिलवाड्याजवळच्या बागोरला वि. ना. मिश्र यांनी उत्खनन केलं. माणसं शिकारी, हत्यारं गारगोटीची, नखाएवढी. तरी त्यांच्याकडे शेळ्यामेंढ्यांची हाडं आहेत आणि पुढच्या थरात तांब्याची बाणाग्रंही. ती त्यांनी स्वतः घडवली नसावीत, धातूकाम जाणणाऱ्या शेजाऱ्यांकडून घेतली असणार. म्हणजे शिकारी आणि शेतकरी एकमेकांना ओळखून होते, देवघेव करत होते.

राहिला "शेतीनं जगणं सुधारलं का" हा न विचारलेला प्रश्न. गंगेच्या खोऱ्यातल्या महादहाचे शिकारी-संग्राहक उंचपुरे होते आणि त्यांचे दात फार कमी किडलेले आहेत. धान्याचं पीठ दातांना चिकटतं. कीड वाढते ती शेतीनंतर. पण बाळांना खिमट भरवता येऊ लागलं, वर्षाची बेगमी करता आली, गावं वाढली, हेही तितकंच खरं.