बूट घालताना रडणारं लेकरू हट्टीच असतं का?

"शाळेत जायचं म्हटलं की बूट फेकते, पाय झाडते, रस्त्यातच बसून घेते. लय हट्टी झालं जी पोट्टं." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची, साडेचार वर्षांच्या मुलाची आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळा सुरू झाल्या की ही तक्रार हमखास येते आणि पालकांना माझ्याकडून शिस्तीचा उपाय हवा असतो.

मी आधी मोजे काढायला सांगते. याच्या दोन्ही टाचा सोललेल्या होत्या, अंगठ्याचं नख काळंनिळं. बुटात बोटं घातली तर टोकाशी कापूस कोंबलेला. घरचाच.

"दोन नंबर मोठा घेतला बाई, म्हटलं पुढच्या सालीही चालन," आजी म्हणाल्या. त्यांचं गणित मला कळतं. पेरणीचा खर्च आणि शाळेचा खर्च एकाच महिन्यात अंगावर येतो. पण ढिल्या बुटात पाय दर पावलाला पुढे घसरतो, टाच घासते, आणि कापसामुळे बोटं चेपतात ती वेगळीच. या वयाच्या मुलाला "इथं घासतं" असं नेमकं सांगता येत नाही. ते फक्त "नको" म्हणतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

आजींना आणखी एक शंका होती. पाय सपाट आहे, कडक बुटानं सुधरन ना? पायाची कमान साधारण सहा वर्षांपर्यंत घडत असते, तोवर तळवा सपाट दिसणं नेहमीचं. मुलाला चवड्यांवर उभं केलं, कमान लगेच दिसली. कडक बुटाची गरजच नव्हती.

बाजाराच्या दिवशी पोराला नेणं जमत नसेल तर संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, त्याला पुठ्ठ्यावर सरळ उभं करा. बसवून नाही, उभं राहिलं की पाय पसरतो. दोन्ही पाय आखा, मोठा निघेल तो धरा आणि सर्वांत लांब बोटापुढे करंगळीच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर जागा सोडून कापा. तो पुठ्ठा बुटात दुमडला तर बूट लहान. बुटाचा तळ बोटांपाशी वाकायला हवा, मधोमध नव्हे. नाडीपेक्षा पट्टा बरा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मापा. थोरल्या भावाचा बूट त्याच्या पायाप्रमाणे झिजलेला असतो, तो शक्यतो नको.

घरात अनवाणी खेळू द्या, चांगलंच आहे. वावरात आणि हागणदारीकडे मात्र नाही. काटे तर आहेतच, पण हुकवर्मची, म्हणजे आतड्यातल्या एका जंताची, अळी तळव्याच्या कातडीतूनच शिरते.

शाळेत काळे बूट सक्तीचे होते. आई शाळेतल्या बाईंशी बोलली आणि टाचा भरेपर्यंत मागून मोकळ्या सँडलची परवानगी मिळाली. नवे बूट आल्यावरही पोरगं पहिले काही दिवस रडलंच, कारण बूट म्हणजे दुखणं हे डोक्यात बसलेलं. म्हणून शाळेऐवजी संध्याकाळी अंगणात, खेळता खेळता दहा मिनिटं घालायला सांगितले. काढतो म्हटलं की लगेच काढायचे, ओढाताण नाही.

टाच बरी होऊनही मूल लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल किंवा एकच पाय वेगळा दिसत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना दाखवलं तरी चालेल.