ताटाचा फोटो आणि उष्मांकांचा आकडा

प्रश्न : ताटाचा फोटो काढताच ॲप उष्मांक सांगते. त्यावर विसंबून आहार ठरवावा का?

उत्तर : केवळ त्यावर विसंबू नये, कारण पदार्थात मुरलेले तेल, मीठ किंवा साखर कृत्रिम बुद्धिमत्तेला फोटोत दिसत नाही आणि वाटीची खोलीही तिला अंदाजानेच धरावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा पाळायची, तर फोटो नव्हे, चमचाच हवा. ॲपचा खरा उपयोग, माझ्या मते, नोंदीत आहे : रात्री उशिरा, भूक नसताना तोंडात टाकलेला घासही लिहावा लागला, की हात आपोआप थबकतो. इन्सुलिन घेत असाल, तर मात्र ॲपच्या सल्ल्याने जेवण परस्पर कमी करू नका. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.